तिसरा तांडेल

एकतिसाव्या अंकात पहिला तांडेल बुडाला
तेव्हा देवगडच्या जेटीवर दोन पोरं रडली.
एक मी.
दुसरा गोविंद खवणेकर, आता बर्फाची गाडी चालवतो.

चित्रं काढायचे बाबू मेस्त.
दिवसभर होड्यांवर नावं रंगवायची,
उरलेल्या निळ्यात तांडेलचा अंगरखा.
म्हणून तो निळा दोन अंकांत कधी सारखा नसे.

मग मुखवटा भाच्याने चढवला.
आम्ही पत्रं लिहिली: हा खोटा.
चाळिसाव्या अंकात, वादळात,
त्याने सुकाणू डाव्या हाताने धरलं,
मामासारखं.
पत्रं थांबली.

मेस्त गेले. कुंचला माझ्याकडे आला.
माझा तांडेल म्हणजे जाळी शिवणारी जैबुन.
मुखवटा तिला मोठा होतो.
मी लहान करून काढत नाही;
ती मागून सुतळीने आवळते, दर अंकात,
आणि ओठांत सुई धरून
पाण्याकडे बघते.

काल पत्र आलं. वहीचं पान, पेन्सिल:
‘ही खोटी आहे.
खरा तांडेल परत आणा, तो डावखुरा.’
खाली सही. खवणेकर, पाचवी ब.

पान टेबलाच्या काचेखाली सरकवलं.
अजून आठ-नऊ अंक तरी लागतील.