सातशे मायक्रॉन

अंबडच्या टूलरूममध्ये ते ड्रॉइंग आलं
तेव्हा मी ते आधी उलटं धरलं होतं.
नखाएवढा चौकोन. त्यात शंभर शंकू,
दहा गुणिले दहा,
उंची सातशे मायक्रॉन, टोक फक्त दहा.
कर्डक म्हणाला, डासांचं कंत्राट आहे का रे?

एकवीस वर्षं मी टोपणांचे साचे केले.
आमचा धंदा टोकं मारायचा :
कडेवरून बोट फिरवायचं,
लागलं, की कानस.
आणि आता लागेल असंच काहीतरी करायचं,
पण लागल्याचं कळू नये असं.

पिंजारी मॅडमनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
कातडी काढून दाखवली.
वर मेलेला थर, गच्चीवरच्या वाळल्या पापुद्र्यासारखा.
त्याच्या खाली जागे राहणारे पहारेकरी.
त्यांच्याही खाली दुखणं.
आपल्याला मधल्या मजल्यावर थांबायचंय, म्हणाल्या.
सुया साखरेच्या. लस त्यातच कालवलेली.
आत गेल्या की विरघळतात.

मग परत काय येतं?
काही नाही. रिकामी पट्टी.

हे मला दोन दिवस खटकत राहिलं.

आमचे नाना तांबट आळीत हंडे ठोकायचे.
एका हंड्याला हजारो ठोके, शेजारी शेजारी,
एकावर एक पडला तर पत्रा फाटायचा.
शेवटी काठावर टिंबाटिंबांनी नाव :
चि. सौ. कां. यमू हिस.
यमू गेली, तिची सून गेली,
हंडा मोडीत निघाला तरी नाव वाचता येत होतं.
आणि मी असलं काही घडवणार
जे अर्ध्या तासात
कुणाच्यातरी दंडात पाणी होऊन जाणार.

सात साचे भंगारात गेले.
सूक्ष्मदर्शकाखाली शंभरातलं एकच टोक वाकलेलं,
वर्गाच्या फोटोत एकानंच मान वळवावी तसं.
आठव्याला मी रात्रपाळीत श्वास धरून बसलो.
बाहेर टँकर रिव्हर्स घेत होता
आणि त्याची ती टूं टूं
माझ्या बोटात उतरू नये म्हणून
मी थांबलो, तो गेला, मग पुढचा पास घेतला.

नमुन्याची एक पट्टी मॅडमनी मला दिली.
नुसती साखर. औषध नसलेली.
घरी नेली, स्टीलच्या डबीत, सुपारीच्या जागी.

नानांना आता ऐकू येत नाही,
पन्नास वर्षांचे ठोके कानात साचलेत.
त्यांनी पट्टीवर अंगठा फिरवला.
मांजराची जीभ, म्हणाले,
गरजेपेक्षा मोठ्यानं.
मग सदऱ्याची बाही वर केली.
दंडावर देवीचे दोन वण, चवलीएवढे,
मधे खळगा, कडेला किरणं.
देवी काढणारा आळीत आला
तेव्हा आईनं मला हंड्यात लपवलं होतं.
मी आत एक गुडघा हलवला
आणि हंडा बोलला.

एवढं सांगून ते इतके हसले
की ठसका लागला, पाणी आणावं लागलं.

रात्री मी पट्टी स्वतःच्या मनगटावर दाबली,
घड्याळाच्या पट्ट्याखाली लपेल अशी.
थोडी चुणचुण, कुणीतरी हळूच नाव घेतल्यासारखी.
मग तीही नाही.
कातडीवर शंभर टिंबं उमटली,
दहा ओळी, दहा रांगा,
एकही एकावर एक नाही.
भिंग आणून मोजली. दोनदा.
नानांना उठवून दाखवावं असं वाटलं,
पण ते नुकतेच झोपले होते.

सकाळी बघितलं तर मनगट कोरं.

मॅडमचा साचा गेला. कुठं, ते बिलावर नसतं.
गाडीवाला म्हणाला, पुढं सुरगाण्याकडं तपासणी होणार म्हणे,
जिथं दुपारनंतर वीज नसते,
बर्फाच्या डब्याआधी बर्फाचंच पाणी पोचतं.
खरं असेल. त्याला काहीही ठाऊक असतं.

सोमवारपासून शाम्पूच्या टोपणाचा साचा आहे.
मी कडेवरून बोट फिरवतो.
लागत नाही.
तरी पुन्हा एकदा फिरवतो.