शेजार

दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री दीडला दोन पंखे फिरतात:
एक छताचा, एक संगणकाचा.
पडद्यावर काचेच्या दोन वाटा, केसाहून बारीक,
मध्ये इतकंच अंतर
की एकीतला उजेड दुसरीला ऐकू जावा.

समीकरण सरळ सुटत नाही.
प्रकाशाला हाताला धरून चालवावं लागतं:
अर्धं पाऊल विखरायचं,
एक पाऊल स्वतःला आवळायचं,
पुन्हा अर्धं विखरायचं.
असं चाळीस हजार वेळा.
आठवडाभर स्पंद मध्येच फाटत होता,
रकान्यात ‘संख्या नाही’ एवढंच उरत होतं.
कंथारियासर म्हणाले,
उणे तपास, वृंदाली, उणे.

उणंच होतं.

आता क्षीण स्पंद सोडला
तर थोडं चालून तो शेजारच्या वाटेत जातो,
पूर्ण जातो, मागे चप्पलसुद्धा ठेवत नाही.
तीव्रता वाढवली
की त्याच्या पायाखालची काच बदलते,
आपल्याच वजनानं तो आपली घळ पाडतो
आणि तिच्यातून, आकार न मोडता,
पार टोकापर्यंत. सॉलिटॉन.
कळ नाही, खटका नाही.
उजेडच ठरवतो, उजेडानं कुठे जायचं.

सकाळी बाबांना हे सांगायला गेले.
ते ताटावरून म्हणाले, भाजीत मीठ ओछं आहे गं.
कमी नाही. ओछं.
चार पिढ्या, मध्ये एक भिंत, पलीकडे दक्षाबेन.
हळू बोललेलं आमचं बरंच काही
कधीच तिकडे गेलंय.
परवा वाटी परत द्यायला आल्या,
म्हणाल्या, कढी पातळ झाली गं बाई,
आणि ते ‘गं बाई’ अगदी आमच्या आजीचं.

पण धाकट्या काकांनी परस्पर सह्या केल्या
त्या दुपारी बाबा जिन्यात उभे राहून ओरडले
तेव्हा एक शब्द शेजारचा नव्हता.
सगळी शुद्ध, जळती, साताऱ्याची मराठी,
जिथे ते कधी राहिलेही नाहीत.

दोन्हींच्या मध्ये एक आकडा असतो,
तिथे प्रकाश निम्मा इकडे, निम्मा तिकडे.
त्याच्या वर केसभर गेलं की मुक्काम,
खाली केसभर आलं की स्थलांतर.
शोधनिबंधात त्याला उंबरठा म्हणायचं ठरवलंय.
दोन दशांशांपर्यंत हाती आलाय.
तिसऱ्याशी तो हलतो.

बाबा, मीठ घ्या ना वरून.
ते म्हणाले, चालशे.