दोन बोटं फट

फोर्ट विल्यमच्या दुकानात
हृषीकेशने गॅसचा हीटर उचलला,
लहान, लाल, स्वस्त.
डोरीनबाईंनी विचारलं, झोपताना व्हॅनची काच?
बंदच, तो म्हणाला, नाहीतर ऊब राहील कशी?
त्यांनी खोका काढून घेतला
आणि परत फळीवर ठेवला.

दूध करपलं तर नाकाला कळतं.
ह्याला वास नाही,
पाऊल वाजत नाही.
डोकं जरा जड होतं, माणूस म्हणतो
दमलो असेन आज,
आणि कूस बदलतो.

शेवटी दुसरा घेतला, महाग,
कलंडला की आपोआप विझणारा,
तोही फक्त जागेपणी, डोरीनबाईंची अट.
गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या.
आणि ते पांढरं यंत्र,
जे जन्मभर गप्प राहावं
म्हणूनच विकत घ्यायचं.

रात्री उणे सहा.
झोपण्याआधी हीटर विझवला.
काच दोन बोटं उघडी.
त्या फटीतून अख्खा डोंगर आत येतोय,
हृषीकेश कुरकुरला.
पिशवी पायाशी, मांजरासारखी.
यंत्राचा हिरवा ठिपका
मधूनच लुकलुकणारा.

तीनला जाग आली.
माझं नाक बर्फ.
हात लांबवून त्याचं चाचपलं:
गारठलेलं,
आणि चक्क घोरत होतं.