दुसऱ्या बाजूचं तिसरं

त्या बँडचे बाकीचे आल्बम सगळ्यांनाच आवडतात.
त्यावर भांडता येत नाही,
म्हणून आम्ही त्यावर बोलत नाही.

आमचं भांडण सातव्याचं.
ज्याला त्यांच्याच देशात कोणी विचारलं नाही,
जो म्हणे गायक आणि गिटारवाला
एकमेकांशी अबोला धरून असताना झाला,
आणि जो चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात
मोहननगरातल्या रेजिनाल्डच्या घरी
मावसभावाच्या रेकॉर्डवरून
साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरला.
कव्हर नव्हतं, नावं नव्हती.
गाण्यांची बारशी आम्हीच केली.

हेमराज उईकेचं पहिलं, ‘लोखंडी पूल’.
त्यात ड्रमवाला एका जागी चुकतो
आणि चूक तशीच पायाखाली घेऊन पुढे जातो.
"हिंमत लागते बे," हेमराज म्हणतो
आणि पोह्यांवर अजून तर्री मागतो.

शकीलचं ‘उलटी शिट्टी’.
कारण देत नाही. चाळीस वर्षं देत नाही.
"तुले समजलं असतं,
तर तू इचारलंच नसतं."

माझं, दुसऱ्या बाजूचं तिसरं.
त्याला नाव ठेवायला मीच दिलं नाही.
टेलिफोन एक्स्चेंजातल्या रात्रपाळीत
कानाला हेडफोन, समोर लुकलुकते दिवे,
आणि डोक्यात ते:
गाण्याच्या तळाशी घुमणारं काहीतरी,
जाड, ओलं,
वर गायक गळा फाडो की रडो,
जागचं न हलणारं.
रेजिनाल्ड म्हणायचा, चर्चचा ऑर्गन.
हेमराज म्हणायचा, ढिली केलेली बेसची तार.
मी काहीच म्हणायची नाही.
सगळ्या दुःखाखाली कोणीतरी एक जण
असा न बोलता उभा असावा,
एवढंच वाटायचं.

परवा फुटाळ्याच्या काठावर
भाचीनं फोनवर तो आल्बम लावून दिला.
धुतलेला, घासलेला, लख्ख.
‘पूल’ झाला. ‘शिट्टी’ झाली.
माझं आलं
आणि तळ नव्हता.
गायक बिचारा अधांतरी ओरडत होता,
शिडी काढून घेतलेल्या माणसासारखा.

"फोन खराब आहे," मी म्हटलं.
पुन्हा लावलं. पुन्हा तेच.
तेव्हा रेजिनाल्ड, टक्कल पुसत, हळूच:
"वायर तुटली होती त्या दिवशी.
मी टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर धरला होता.
खिडकीत कूलर चालू होता."

कूलर.
वाळ्याच्या ताट्या, खडखडता पत्रा,
सत्तेचाळीस डिग्रीची दुपार.
आणि मधे जो टप् टप् असा
नाजूक ठेका, ज्यावर मी जीव टाकला,
तो पंपातून गळणारा पाण्याचा थेंब.

शकील आधी हसला. मग हसतच राहिला.
हेमराजनं नियम काढला:
बँडनं वाजवलं तेवढंच धरायचं, माझं मत बाद.
शकील म्हणाला, "त्यायनं नाही वाजवलं,
पण आपण तर आयकलं ना?"
भाची कंटाळून भुट्टा आणायला गेली.
मी मत मागे घेतलं नाही.

रविवारी रेजिनाल्डचा फोन, सगळ्यांनी या.
गच्चीवरून कूलर उतरवलेला,
त्यात नळीनं पाणी भरलेलं,
समोर स्टुलावर स्पीकर.
आम्ही चौघं पलंगाच्या कडेवर
परीक्षेला बसल्यासारखे.
गाणं सुरू, कूलर सुरू,
आणि सूर जुळेना.
अर्ध्या स्वरानं वर. नवी मोटर.
उगाच पातळ, उगाच घाईत.

"जुनीच लागंल," हेमराज म्हणाला.
हो, तोच, ज्यानं माझं मत बाद केलं होतं.
मोमीनपुऱ्यात एक जण
जुन्या मोटरी गुंडाळून देतो, शकीलला माहीत आहे.
उद्या जायचं ठरलं. सकाळी, ऊन चढायच्या आत.

दारात चपला घालताना हेमराज वळला.
"पण पहिलंच भारी आहे, हां."