कोरं कार्ड

हरिपूरच्या त्या अंगणात पाय टाकला
की जमीन पोकळ वाजते.
"खाली पेव हाय, हळदीचं. आता मोकळंच,"
त्रिशलावहिनी ओल्या हातानं तिकीट फाडतात.
"दहा रुपये. जाताना द्या. पोराचं माफ."

म्हशींच्या जुन्या शेडात
रुमणं, जू, शिवळा, मोटेचा सोंदूर.
लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर
एकेकाचं नाव, सुतळीनं गळ्यात बांधलेलं.
एका कार्डावर काहीच नाही.

मी सांगणार,
तेवढ्यात वहिनी कानाशी येतात :
"ठाऊक हाय आम्हाला.
मामंजी बोलतील तेव्हाच लिहायचं."

दाराशी खुर्चीत भूपालअण्णा.
हे सगळं त्यांनीच सोडवून आणलं,
भंगारवाल्यांकडून, किलोच्या भावानं.
दोन वर्षांमागं अर्धं अंग गेलं,
त्या बाजूबरोबर नावंही.

त्या लाकडी वाटीकडं बघतात,
बुडाला चार भोकं असलेल्या.
ओठ जुळतात, सुटतात.
मग चांगल्या हाताची मूठ उचलतात,
अंगठा किंचित ढिला करतात
आणि फरशीवर सोडत राहतात
जे मुठीत नाही ते,
न अडखळता, एका चालीनं,
इतकं सारखं
की माझा पोरगा खाली बसून ओंजळ धरतो.

चाडं.
शाळूच्या दाण्यासारखा शब्द जिभेखाली.
तसाच ठेवला.

निघताना पन्नासची नोट दिली.
अण्णांनी मांडीवर सुट्टे लावले
आणि खणखणीत म्हणाले,
"चाळीस."

"आकडे तेवढे राहिलेत बघा,"
वहिनी हसल्या,
आणि नळ बंद करायला पळाल्या.