ढिम्म

वाल्परायसोच्या टेकडीवर
बेनिग्नोनं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं.
गाणं लावलं. रेघ सरकत होती पुढं,
आवाज नाही.

टर्मिनलात मिक्सर उघडला,
खांबांखाली दोन-दोन एम, म्हणजे तोंडाला कुलूप.
एम दाबला. शून्य शून्य झालं.
खांब लाल शेंड्यापर्यंत चढवले.
ढिम्म.

रिस्टार्ट केलं. पुन्हा तेच गाणं.
टगबोटींच्या इंजिनांनी अर्धा खाल्लेला कान
स्पीकरला लावून बसला,
नाडी सापडेना.

शेवटी पाण्यासाठी जिना उतरला.
स्वयंपाकघरात ओर्तेन्सिया कांदा चिरत होती,
टाचेनं ताल धरून.
फळ्यांतल्या भोकातून आलेली केबल,
काळाठिक्कर टीव्ही,
आणि त्यातून गाणं, ठणठणीत.

"तासभर तेच लावतोयस," ती म्हणाली.
"बदल की आता."