सातवा नळा

थुमरेतच्या उत्तरेला डांबर संपतं,
पुढे चाळीस किलोमीटर वाळू,
आणि मग एकदम हिरवी, गोल, गावाएवढी शेतं.
गोल क्रमांक चार यंदा नांगरायचं नाही,
मुसल्लम बिन बखीत म्हणाला.
मला वाटलं, डिझेलचं बिल थकलं असेल.

तसं नव्हतं. गेल्या नोव्हेंबरात नांगरलं
आणि दोन रात्री वारा सुटला.
सकाळी शेत कुंपणापलीकडे जाऊन बसलेलं.
ती वाळू अजून तिथेच आहे.
उंट तिच्यावर बसतात.

म्हणून हे यंत्र आलं: लाल, चोवीस नळ्यांचं,
कुठल्यातरी थंड देशात वापरून झालेलं,
पेटीच्या तळाशी तिथलीच चार दाणे मोहरी.
पुस्तक जर्मन. चित्रं मात्र सगळ्यांना येतात.
तुमच्याकडे याला काय म्हणतात? मुसल्लमने विचारलं.
पाभर, म्हणालो.
बाभर, म्हणाला. त्याला प येत नाही.
मीही इथे बंजाबरावच आहे,
आणि पिव्होटवाला खालिद, जो खरोखरच पंजाबचा,
रोज नव्याने हसतो.

आधी दाणे मोजायचे.
चाक जॅकवर उचललं, नळ्यांखाली ताडपत्री,
हाताने सत्तावीस फेरे, मग वजन.
हेक्टरी किलोचं गणित खालिदने पोत्यावर केलं,
मी तळहातावर.
उत्तरं दोन आली.
नर्मदाकाकू चाड्यावर मूठ धरायची
तेव्हा बोटांतून सुटणारा दाणा कुणी तोलला नाही.
बैल थबकले की मूठ थबकायची.
इथे मी बोल्ट एक खाच मागे घेतला,
पुन्हा सत्तावीस.
तिसऱ्यांदा काटा जुळला.
कंबरेचा तेवढा ढिला झाला.

आणि पहाटे जायचं नाही.
हे पचायला वेळ लागला.
पहाटे ज्वारीची धसकटं दवाने लवचीक असतात,
चकती त्यांना कापत नाही,
दुमडून चिरेत खुपसते,
आणि दाणा मातीऐवजी ओल्या काडावर निजतो.
अकरापर्यंत थांबायचं.
एक काडी बोटांत धरून मोडायची,
कट्ट वाजली तर ट्रॅक्टर सुरू.
जन्मभर मातीचा वाफसा बघत आलो,
इथे काडाचा बघायचा.

गोलात पेरताना तास संपत नाही.
सेनगावात बांध यायचा, बैल वळायचे,
तांब्याभर पाणी मिळायचं.
इथे सगळंच वळण.
तास म्हणजे पाभरीमागची रेघ, हे मला ठाऊक;
इथल्या हजेरीवहीत तास म्हणजे आठ,
वरचे ओव्हरटाइम.
मी दोन्ही भरत राहिलो.

मागे वळून पाहिलं तर काहीच दिसेना.
तेच अवघड.
नांगरलेलं रान निदान सांगतं, कुणीतरी राबलंय.
इथे धसकटं उभी तशीच,
जणू कोणी आलंच नाही.
उतरलो, गुडघ्यावर बसून पेन्सिलीने चीर उकरली.
चार सेंटिमीटरवर एक दाणा.
बोटभर पुढे दुसरा.
खालिद वरून ओरडला, है?
है, म्हणालो.

नवव्या दिवशी गहू वर आला
वाळक्या ज्वारीच्या पायांमधून, सुईसारखा,
आणि त्यात एक कोरी रेघ,
अख्खं वर्तुळभर, प्रत्येक फेरीत एक.
सातवा नळा.
काढून पाहिला: आत कुंभारमाशीचं घर,
थंड देशातलं की आमच्या शेडमधलं, तिलाच माहीत.
न मोडता निघेना.
मोडलं.

मुसल्लम जीपच्या टपावर उभा राहून
त्या रेघा मोजत होता.
मी बोलणी खायच्या तयारीत.
रात्री वारा होता ना? त्याने विचारलं.
होता, म्हणालो. पत्रे वाजत होते.
तो बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिला.
उंट जुन्याच वाळूवर बसले होते,
नवी आली नव्हती.

उद्या गोल पाच.
मी उरलेले तेवीस नळे उतरवले
आणि फुंकायला बसलो.